फर्मा चुकलेली वही

बाइंडर मामाच्या हातून चुकीचं बांधलेलं पुस्तक बाहेर गेलं, असं तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची छाती कुणाची होती म्हणा! माणूस कामाला वाघ आणि तोंडाने त्याहून.

त्याची थोरली बहीण एकदा लेकीला घेऊन दुकानात आली. पोरगी नववीत, विज्ञानात नापास. तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा. त्यातही आपटली तर मैत्रिणी दहावीत आणि ही पुन्हा त्याच बाकावर. "घरात धाकटी दोघं हिला टेकू देत नाहीत. तुझ्याकडे एक कोपरा दे," बहीण म्हणाली.

भाचीने टिपणांचा गठ्ठा काढला. मोत्यासारखं अक्षर, तीन रंगांची शाई, मथळ्यांखाली दुहेरी रेघा. मामा बेहद्द खूश! त्याने लगेच कागद दुमडून त्यांच्या सात जुड्या केल्या. या जुडीला बाइंडर फर्मा म्हणतात. सातही फर्मे शिवून त्याने वर निळा पुठ्ठा चढवला.

मग आठ दिवस भाची कोपऱ्यात बसून ती वही मोठ्याने वाचत होती आणि मामा खळ लावत ऐकत होता. "सगळं पाठ झालंय मामा!" ती रोज सांगायची.

नवव्या दिवशी मामाचा हात थांबला. भाची ठसक्यात वाचत होती, "तारेचा रोध वाढला की... मूत्रपिंड रक्त गाळतं."

"काय गं, रक्त गाळायला वीज लागते?"

"असंच दिलंय मामा."

मामाने वही ओढून घेतली, फर्मे मोजले आणि कपाळावर हात मारला. चौथा फर्मा तिसऱ्याच्या आधी शिवला होता. तीस वर्षांची अब्रू, आणि घालवली कुठे, तर घरच्याच पोरीच्या वहीत! लाजेने त्याचे कान तापले. मग त्याने भाचीकडे पाहिलं.

"माझं चुकलं, ते चुकलंच. पण आठ दिवस हे घडाघडा वाचतेस आणि तुला पत्ता नाही?"

भाचीचे डोळे भरले. "मी वाचत होते ना..."

"पानं उलटत होतीस बयो. रडू नकोस. वही उसवायचं परीक्षेनंतर बघू. बारा दिवस आहेत, पुष्कळ झाले."

विज्ञानातलं मामाला ओ की ठो कळत नव्हतं, पण शिकतात कसं, ते ठाऊक होतं. त्याचे उस्ताद टाका एकदाच दाखवत, मग पुस्तक लपवून म्हणत, आता तू घाल. मामाने उरलेल्या कागदांची एक कोरी वही शिवली. एक पान वाचायचं, निळी वही दाबयंत्राखाली ठेवायची, आठवेल ते कोऱ्या पानावर लिहायचं. मग ताडून चुका लाल करायच्या. लाल झालेलं उद्या पुन्हा, तीन दिवसांनी परत.

पहिल्या दिवशी तासाभरात चार ओळी झाल्या. भाचीने पेन आपटलं. "मला काहीच येत नाही!"

"चला, एवढं तरी कळलं! काल तेही माहीत नव्हतं."

वर मामाची भुणभुण असायचीच. हे असंच का? तसं झालं तर काय होईल? मला अडाण्याला समजेल असं सांग. भाची चिडायची, सांगता सांगता अडायची, वही काढून बघायची आणि पुन्हा सांगायची. दहाव्या दिवशी पानावर लाल औषधालाही उरलं नाही. परीक्षेच्या सकाळी तिने निळी वही मागितलीसुद्धा नाही.

शंभरात अडुसष्ट! भाची धावत दुकानात आली आणि मामाने भर गिऱ्हाइकांत तिला उचलूनच घेतलं. मग त्याने सुई-दोरा काढला. "आण ती निळी वही. फर्मा जागेवर घालतो. चूक कळल्यापासून झोप नाही मला."

भाचीने वही पाठीमागे धरली. "राहू दे मामा. तारेचा रोध वाढला की विजेची धारा कमी होते, आणि ते चार पानं सोडून पुढे आहे. मला सापडतं."

मामाने सुई परत डबीत ठेवली. चुकलेली वही त्याने पहिल्यांदाच दुकानाबाहेर जाऊ दिली.