ताणलेला पाइप

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि अक्काला तर नाहीच. तुम्हाला सांगतानाही आधी दार लोटून बसलोय — आता या वयात कोण येऊन ऐकणार? पण भीती काही वय बघत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तिच्या नवऱ्याने, दाजींनी, सेकंडहँड एसयूव्ही घेतली. राहायला खरवईच्या नव्या बिल्डिंगमध्ये. रस्ता कच्चा, गाडीचं पोट घासायचं. मग गाडी दोन इंच उचलायचं ठरलं. गॅरेजात कशाला? मी अंबरनाथच्या कारखान्यात फिटर — हातात पाना आला की मला आभाळ ठेंगणं. उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या लेथवाल्याकडून स्प्रिंगवर बसवायच्या जाड चकत्या करून आणल्या, लांब शॉकअप आणले आणि रविवारी बिल्डिंगखालीच जॅक लावला.

शेवटचं पुढचं चाक चढवताना मला ब्रेकचा रबरी पाइप दिसला. गाडी वर गेली, चाक खाली राहिलं — पाइप मात्र होता तेवढाच. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणला होता. खड्ड्यात चाक आणखी खाली गेलं तर? मला तेव्हाच कळलं होतं. फिटर होतो ना मी!

लांब पाइप आणायचा, तर दुकानं बंद. आणि अक्का पूजेचं ताट घेऊन खाली आलेली. नारळ, चाकांखाली ठेवायला चार लिंबं, अख्खी बिल्डिंग गॅलरीत.

दाजींनी विचारलं, "सुधीर, ओके ना सगळं? ठेवू का लिंबं?"

"एकदम टकाटक, दाजी."

उद्या बदलू, असं मनाशी म्हटलं होतं. उद्या कामावर गेलो. परवाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? लोक हसले असते. एवढंच.

अकराव्या दिवशी बारवी धरणाच्या उतारावर गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. दाजींना खरचटलं. अक्काचा गुडघा कायमचा गेला. हॉस्पिटलात दाजी पुन्हा पुन्हा सांगत होते — पेडल दाबलं, ते थेट खाली गेलं. गॅरेजवाला म्हणाला, पाइप धडकेत तुटला असेल. आई म्हणाली, "घाबरून पाय चुकला तुमचा, जावईबापू. गाडीला कशाला बोल लावता?" तेव्हा दाजींनी माझ्याकडे पाहिलं. जाणकार म्हणून. आणि मी — मी म्हणालो, होतं असं कधीकधी.

हळूहळू दाजीही तेच म्हणायला लागले, माझाच पाय चुकला. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही त्यांनी. अक्का जिना चढते तेव्हा एक पायरी मागे राहतात, हात पुढे धरून. मला ते बघवत नाही. मी बघतो.

गेल्या महिन्यात भाच्याने नवी गाडी घेतली. दाजी त्याला म्हणाले, "आधी मामाला दाखव. तो ओके म्हणाला की मगच आईला बसव." अक्काला वाकता येत नाही, म्हणून लिंबं दाजींनीच ठेवली, एकेका चाकाखाली. मी वाकून गाडीखाली पाहिलं. खाली अंधार, काही धड दिसलं नाही. उठलो तर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी ओके म्हणालो.

दाजींचा पाय चुकला नव्हता. पाइप मी पाहिला होता.