सुकट, सोडे, साबण

दहिवलीच्या बौद्धवाडीत शेवग्याच्या झाडाखाली बोनेट उघडलेली गाडी दिसली, की कोंडीरामाचं घर आलं म्हणून समजायचं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालची गोष्ट. चौक-खालापूरपासून नेरळपर्यंत ज्याला म्हणून गाडीत टेप बसवायचा असे, तो इथंच यायचा. कर्जतच्या बाजारात पाट्या लावलेली दोन दुकानं होती. लोक टेप तिथून विकत घ्यायचे, पण बसवायला कोंडीरामाच्या अंगणात यायचे. असं काय होतं त्या माणसात, म्हणाल तर सांगतो. त्याच्या अंगणातून निघालेली गाडी फक्त गाणं वाजवायची, दुसरं काही वाजवायची नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. गाडी म्हणजे चाकांवरचा पत्र्याचा डबा. इंजिन चालू केलं की डायनामोची कुईंकुईं तारेतून थेट स्पीकरमध्ये शिरते. ढोलकीचा ठेका जोरात पडला की दाराचा पत्रा तिच्याबरोबर थरथरतो. कोंडीराम दारं खोलून आतून डांबरानं गोणपाट चिकटवायचा, स्पीकरच्या खोक्यात काथ्या ठासायचा, अर्थिंगची तार दहा ठिकाणी लावून बघायचा. मग पत्र्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचा. कुठला पत्रा सैल आहे ते त्याच्या हाताला कळायचं. दोन-दोन दिवस गाडी अडवून ठेवायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचा, "न्यायची तर ने. फकस्त माझं नाव कुनाला सांगू नको."

त्या नावावरच घर चाललं होतं. कोंडीरामाचा कान म्हणजे कान, असं लोक म्हणायचे. आणि खरी गोष्ट अशी होती की कोंडीरामाचा कान गेला होता.

कसा गेला, तेही ऐका. सोळाव्या वर्षापासून तब्बल बारा वर्षं हा माणूस लोधिवलीच्या वरल्या अंगाला एका खडीमशीनवर होता. डोंगराला सुरुंग लावायचा, लांब पळायचा, परत यायचा. पुतळाबाई तिथलीच. मशीनच्या तोंडाखाली पाटी धरून खडी वाहायची. संध्याकाळी घरी जायला निघाली की भुवयांपासून पायांपर्यंत पांढरीफेक असायची. तिथंच दोघांचं जमलं आणि लग्न झालं. त्या मालकानं याच्या कानाला कधी कापसाचा बोळा दिला नाही की तिच्या तोंडाला फडकं दिलं नाही. वर हे दोघं कामाला ठेवलं म्हणून जन्मभर त्याचे उपकार मानत राहिले. मला त्याचा आजही संताप येतो.

पुढं वाडीतल्या एका फौजेतून परतलेल्या वायरलेसवाल्याकडं कोंडीराम रेडिओ शिकला आणि मशीन सुटली. हातात कला आली, माणसं मान देऊ लागली. दर जयंतीला मिरवणुकीच्या जीपवर तोच आवाज बांधायचा, फुकट. पण पंचेचाळिशी उलटली आणि बारीक आवाज एकेक करून निघून गेले. ढोल ऐकू यायचा, माणसाचं बोलणं यायचं, घाट चढणाऱ्या गाडीची घरघर यायची. रातकिडे यायचे बंद झाले. पाखरं बंद झाली तेव्हा त्याला वाटलं, औंदा पाखरंच कमी आलीत.

हे पहिल्यांदा कळलं ते पुतळाबाईला. एक टॅक्सीवाला म्हणत होता की कुईं येते, आणि कोंडीराम डॅशबोर्डाखाली डोकं घालून नुसता घामाघूम होत होता. ती दारातून बघत होती. हातातलं तांदळाचं सूप तसंच घेऊन आली, मागच्या सीटवर जाऊन बसली आणि तांदूळ निवडायला लागली. जरा वेळानं तिचा हात थांबला. कोंडीरामानं तार हलवली, हात पुन्हा चालू झाला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

त्या दिवसापासून तोच शिरस्ता पडला. गाडी तपासायची वेळ आली की पुतळाबाई सूप घेऊन मागं बसायची. हात थांबला म्हणजे खोट आहे, हात चालू म्हणजे गाडी चोख. लोक हसायचे. "काकी गाडीत बसून तांदूळ काय निवडते?" कोंडीराम म्हणायचा, "तिला गाडीत बसायची हौस हाय." नवरा-बायकोत मात्र या गोष्टीवर एकदाही बोलणं झालं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, हे तिनं तोंडातून काढलं नाही. मला ऐकू येत नाही, हे त्यानं कबूल केलं नाही. अशी सहा वर्षं गेली.

आता त्या कॅसेटीचं. गाडी तपासायला बाकीचे लोक गाणी लावतात. कोंडीराम म्हणायचा, "गानारीला मी कुठं बघितलंय? तिचा खरा आवाज मला काय ठाव?" म्हणून त्यानं घरातल्या टेपवर पुतळाबाईचाच आवाज भरून ठेवला होता. आधी तो स्वतः पालथ्या घागरीवर ठेका धरायचा, तो मोठ्या स्पीकरसाठी. मग ती बाजाराची यादी म्हणायची, "सुकट, सोडे, साबण, साखर, शेंगदाणे, चहापत्ती, काडेपेटी." यादी त्यानंच जुळवलेली, कारण छोटा स्पीकर खरा की खोटा ते 'स'मध्ये कळतं. वाजून वाजून फीत ताणली जायची, तेव्हा वर्ष-दीड वर्षानं नवी भरायची. शेवटची भरली ती चौऱ्याऐंशीच्या श्रावणात. सगळं जग खोटं असेल, पण ती कॅसेट खरी, अशी त्याची पक्की समजूत होती.

पुढच्या जानेवारीत लोधिवलीचा पोपट जीप घेऊन आला. कर्जत-चौक वडापला, शिटं भरून चालणारी जीप, पोरगा तिशीच्या आतला, हौशी. लग्नसराई तोंडावर होती. त्यानं मुंबईहून बारीक आवाजाचे भारी ट्वीटर आणले होते. तसले ट्वीटर कोंडीरामाच्या अंगणात तोवर कधी आले नव्हते. पावसाळ्यापासून चार-दोन जुनाट गाड्याच आल्या होत्या, त्यांचे स्पीकर घागरीगत घुमणारे.

तीन दिवस खपून कोंडीरामानं सगळं बसवलं. पुतळाबाई सूप घेऊन मागं चढली. चढताना दांड्याला धरून जराशी थांबली. कॅसेट लागली. घागर वाजली, यादी सुरू झाली.

पोपट म्हणाला, "काका, एक नंबर. पन मधीच बारीक शिट्टी येते."

कोंडीरामानं मागं बघितलं. पुतळाबाईचा हात चालूच होता.

"कायबी नाय," ती म्हणाली. "चांगलं हाय."

"काकी, येते की. इंजिन बंद हाय, तरी येते. येते नि जाते."

सहा वर्षांत तिचा हात कधी चुकला नव्हता. पण गिऱ्हाईक शिट्टी येते म्हणत असताना गाडी अंगणाबाहेर सोडणं कोंडीरामाच्या जिवावर आलं. त्यानं सगळं पुन्हा खोललं. अर्थिंग बदललं, कंडेन्सर बदलले, ट्वीटर काढून वरच्या पट्टीला लावले, तारा वेगळ्या वाटेनं नेल्या. दर वेळी कॅसेट लावायची, पोपटानं शिट्टी येते म्हणायचं आणि मागं पुतळाबाईचा हात सुपात फिरतच राहायचा. दोन दिवस असे गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोपट त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "काका, राग मानू नका. तुमाला खरंच ऐकू येत नाय का?"

हा वडापचा पोरगा, दिवसातून सहा खेपा करणारा. उद्या दुपारपर्यंत चौकभर होईल की कोंडीराम बहिरा आहे. मग शेवग्याखाली कोण गाडी लावणार? एवढंच त्याच्या डोक्यात होतं, दुसरं काही नव्हतं. माणूस आपल्याच भीतीत किती बुडालेला असतो, ते बघा.

"उद्या सकाळी ये," तो म्हणाला. "शिट्टी राहिली तर नाव बदलून ठेव माझं."

सकाळी पोपट आला तो स्वतःची कॅसेट घेऊनच. न विचारता त्यानं ती आत सारली. गाणं वाजलं, कडवं झालं. "ह्यात नाय येत," तो म्हणाला. "शिट्टी तुमच्या कॅसेटीत हाय."

"कॅसेट खोटी नाय," कोंडीराम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. घरात गेला आणि पत्र्याच्या डब्यातून आधीच्या वर्षाची, ताणलेली कॅसेट घेऊन आला. तीच घागर, तीच यादी, जरा संथ. पोपटानं कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "नाय. ह्या बी कॅसेटीत नाय. काकीचा आवाज साफ हाय."

टेप तोच, घागर तीच, बाई तीच. त्यानं मागं वळून बघितलं. पुतळाबाईचा हात सुपात फिरत होता, पण ती सुपाकडं बघतच नव्हती. निवडून बाजूला काढलेले खडे पुन्हा तांदळात मिसळले होते आणि ती ते फिरवत होती.

तो जीपमध्ये चढला. गाडीच्या पत्र्यावर ठेवायचा तसा तळहात त्यानं तिच्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटले. तिनं श्वास घेतला. सैल पत्रा थरथरतो तशी बारीक थरथर त्याच्या हाताला लागली. सोडला, पुन्हा लागली. पोपट खाली मान घालून लांब जाऊन उभा राहिला.

"कधीपास्नं गं?"

"सरावनाच्या बी आधीपास्नं."

"शेजारी निजतो मी तुझ्या. बोलली का नाय?"

पुतळाबाईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. "तुमी इचारलं नाय. मंग मला कळलं, ह्ये बी तुमाला ऐकू येत नाय. छातीत शिट्टी वाजते म्हनून सांगायचं, म्हंजे तुमी बहिरे झालात ह्येच तोंडावर सांगायचं. ते काय माझ्यानं झालं नाय."

मुंबईच्या इस्पितळात छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना दगडाची धूळ बसली होती, खडीमशीनवरची, आणि धुळीच्या आडोशानं क्षय आत शिरून पार खोलवर गेला होता. धुळीवर औषध नव्हतं. क्षयावर होतं, पण त्याला फार उशीर झाला होता. डॉक्टर तरुण होता, मनानं वाईट नव्हता. त्यानं विचारलं, "छाती एवढी वाजते, घरात कुणाच्याच कानावर आलं नाही?" कोंडीराम गप्प राहिला. डॉक्टरला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं तेच पुन्हा मोठ्यानं विचारलं. ऐकू तर पहिल्यांदाच आलं होतं.

वैशाखात पुतळाबाई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आवाज बांधायला दुसऱ्याला बोलवावं लागलं. कोंडीराम भिंतीला टेकून बसून होता. त्यानंतर त्यानं एकाही गाडीला हात लावला नाही. आपल्याला ऐकू येत नाही, हे तो आता येईल त्याला स्वतःहून सांगायचा, न विचारता. सहा वर्षं जे लपवलं ते असं फुकट वाटून टाकत होता. पोपटानं मात्र आधी कुणाला एक शब्द सांगितला नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो.

पावसाळा सरल्यावर पोपट सहज म्हणून डोकावला. कोंडीराम उठला, डब्यातली श्रावणातली कॅसेट घेतली आणि जीपमध्ये मागच्या सीटवर, ती बसायची तिथं जाऊन बसला. "लाव," म्हणाला.

पोपटाच्या मनात नव्हतं, तरी त्यानं लावली. घागर वाजली. मग यादी आली. सुकट, सोडे, साबण, साखर. पोपटाला दोन शब्दांच्या मधली शिट्टी आता ऐकवेना. आता ती कशाची ते त्याला ठाऊक होतं.

"येते का रं शिट्टी?" कोंडीरामानं विचारलं.

"येते, काका."

"मला नाय येत," कोंडीराम म्हणाला. त्याचा तळहात दाराच्या पत्र्यावर होता. "मला ती धडधाकट ऐकू येते."

यादी काडेपेटीपर्यंत आली आणि संपली. कोंडीरामानं पुन्हा लावायला सांगितली.