चौकटीबाहेरचा थेंब
सुक्या मासळीचा वास आला की शेजारची काकी आठवते. काकांची होडी वादळात गेली, शोधणारेही थकून थांबले, तरी तिने हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या नव्हत्या. तेव्हा मी हौसेने प्रोग्राम लिहून कॉम्प्युटरच्या पडद्यावर हलतं पाणी बनवत होतो. हजारो निळे थेंब एकमेकांना ढकलत उसळायचे आणि चौकटीबाहेर गेलेला थेंब प्रोग्राम पुसून टाकायचा. घरापुढच्या खळ्यात मासळी उन्हात घालून काकी माझ्यामागे येऊन उभी राहिली. "ह्यो थेंबो खंय गेलो रे?" "भायर गेलो काय पुसान जाता, काकी." "तसो कसो पुसान जायत? काठार बघ, खंयतरी लागलो आसतलो." ती घरी गेल्यावर मी चौकटीच्या चारी बाजूंना भिंती घातल्या. थेंब आपटून परत येऊ लागले. पाणी त्यामुळे खोटं दिसतं, पण काकीच्या बांगड्या आजही हातात आहेत, आणि मीही भिंती काढलेल्या नाहीत.