अश्विनीचा पोर्टफोलिओ आणि माझे सल्ले

चार माणसं आणि तीन लॅपटॉप एका खोलीत ठेवले की किस्से आपोआप साचतात. परळीत खिडकीवर थर्मल वीजकेंद्राची राख साचते तसे. आज पुसा, उद्या पुन्हा थर! हसून सांगावेत म्हणून मी ते लक्षात ठेवले होते. आता सांगताना हसू येत नाही. दोष माझ्या सांगण्यातलाही असेल.

मी गणिताचा निवृत्त प्राध्यापक, पीएच.डी. घराची पुढची खोली मी इंजिनिअरिंग करून घरी बसलेल्या तिघांना दिली होती. त्यांना पोर्टफोलिओ करायचा होता, म्हणजे स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम मांडलेली वेबसाइट. कंपनीने लिंक उघडावी, काम पाहावं आणि बोलावावं, एवढीच आशा. मला कोडिंग येत नाही. पण डॉक्टरेट झालेल्या माणसाला ‘येत नाही’ म्हणायची सवय नसते!

*

पहिला पोर्टफोलिओ समाधानचा. वर गणपती, खाली उंची, वर्ण, आणि दोन्ही मामांची नावं गावांसकट! घरातला लग्नाचा बायोडाटाच त्याने नमुना म्हणून घेतला होता.

“अरे, कंपनीला मामा कशाला?”

“सर, मामाशिवाय नोकरी लागती का कुठं?”

मी फक्त उंची आणि वर्ण काढायला लावलं. मामा राहू दिले.

*

खरी हुशार अश्विनी. तिचे वडील थर्मलवर कंत्राटी फिटर. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती: तोवर नोकरी, नाहीतर लग्न. “तुमी म्हणताव म्हणून थांबतो, सर,” असं ते मला म्हणाले होते. ते वाक्य मला छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं.

तिच्या वेबसाइटसाठी मी तीन दिवस खपून इंग्रजीत परिचय लिहिला. ‘लहानपणापासून मला कोडी सोडवण्याचा छंद आहे’ वगैरे. इंग्रजी झकास जमलं म्हणून बाकीच्या दोघांनीही तेच उचललं. पुढे एकाच कंपनीने तिघांच्या ऑनलाइन मुलाखती घेतल्या. समाधानला विचारलं, “तुमच्याकडे सगळेच लहानपणापासून कोडी सोडवतात का?”

समाधान म्हणाला, “हो ना सर. नळाला पाणी कधी येणार, हे कोडं रोजच हाय!”

साहेब खूप हसले म्हणे. अश्विनीचा नंबर शेवटचा होता. तिला त्यांनी एकच विचारलं, “हे तुम्ही कुणाचं कॉपी केलंत?”

*

तिने माझं इंग्रजी पुसून टाकलं. रागावली नाही, हेच जास्त लागलं. मग समाधानच्या त्या बोलण्यावरून तिने वेबसाइटवर एक पान बनवलं: गल्लीत पाणी आलं की तिथे नोंद करायची, आणि पुढचं पाणी कधी येईल ते पान सांगणार. दोन महिन्यांत अर्धी परळी ते बघायला लागली. एकदा पाणी चुकलं तर शेजारच्या काकू घागर घेऊन थेट माझ्या दारात!

“कावून गं अश्विने, तुझं पाणी आलं न्हाई?”

“काकू, पाणी नगरपालिकेचं हाय. माझा फक्त अंदाज.”

“मग अंदाज तरी नीट सोड की!”

*

दिवाळीला तीन आठवडे उरले असताना एका दिवसात तिची वेबसाइट चाळीस जणांनी उघडली. “कंपन्या बघताहेत,” मी ठामपणे सांगितलं. भजी मागवली. संध्याकाळी वेबसाइटवरचा फॉर्म भरून आला. सगळे वाचायला वाकलो.

कंपनीचं नाव: वरपक्ष.

पद: सून.

तिच्या काकांनी लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली होती! समाधान पोट धरून हसला, अश्विनीसुद्धा हसली. मग तिने लॅपटॉप मिटला आणि भजी तशीच राहिली.

त्याच लोकांनी नंतर मुलीच्या चौकशीसाठी मला फोन केला. मी तावातावाने म्हणालो, “तिला नोकरी करायची आहे, आत्ता लग्न नको!” ते खरंच होतं. स्थळ मोडलं. दुसऱ्या दिवशी वडील आले, चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

“सर, तुमी लई शिकलेले. पण माझ्या पोरीच्या मधी आता बोलू नका. कुणी इचारलं तर चार चांगले शब्द सांगा, बस.”

*

दिवाळीच्या आठवड्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. आवाज मोठा गोड.

“नमस्कार सर, अश्विनीबद्दल विचारायचं होतं. कशी आहे ती?”

यावेळी चूक करायची नाही, असं मी ठरवलंच होतं.

“अगदी गरीब स्वभाव. शब्दाबाहेर जात नाही. स्वयंपाकपाणी उत्तम.”

त्या क्षणभर थांबल्या. “पुण्याला यायची तयारी आहे ना?”

“तुमच्याकडे येणार म्हणजे प्रश्नच नाही! नोकरीचं थोडं वेड होतं, पण ते उतरेल. तिचा आग्रह नाही.”

“म्हणजे नोकरी नाही मिळाली तरी चालेल तिला?”

“आनंदाने!”

“बरं सर. वेळ दिल्याबद्दल कंपनीतर्फे आभार.”

फोन बंद झाला. मी हातातला चष्मा पुसत बसलो. तेवढ्यात अश्विनी जिना चढून धावतच आत आली.

“सर, पुण्याच्या कंपनीला माझं पाण्याचं पान लई आवडलं! चौकशीसाठी मी तुमचा नंबर दिलाय. फोन आलता का?”

“नाही अजून,” मी म्हणालो.

“येईल सर,” ती म्हणाली. “तुमी फोन जवळच ठेवा.”