शिक्क्यावरची ओळ

सोसायटीच्या शिक्क्यावर देवाचं नाव असावं की नसावं, यावरून मी कधीतरी दारोदार फिरेन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी शाळेत एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. ‘धर्मनिरपेक्ष राष्ट्र म्हणजे काय? दोन वाक्यांत उत्तर द्या’ हा प्रश्न मी इतक्यांदा तपासला, की त्याचा अर्थ डोक्यात थांबायला त्याला कधी जागाच मिळाली नाही. दोन वाक्यं दिसली की दोन मार्क आणि पुढचा पेपर.

आमची सोसायटी पनवेलजवळ, सुकापुरात. चोवीस बिऱ्हाडं आणि एक लिफ्ट, तीही तिची मर्जी असेल तेव्हा. माझ्या समोरच्या दारात सिस्टर राहायच्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, म्हणून त्या अख्ख्या बिल्डिंगच्या सिस्टर, आणि मी शाळेतली म्हणून बाई. बावीस वर्षं आम्ही एकमेकींना हीच हाक मारली. सिस्टर बेने इस्रायली होत्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, ज्यांना आमच्याकडची जुनी माणसं अजून शनिवार तेली म्हणतात, त्यांतल्या. त्यांचे आजोबा पनवेलजवळच्या एका गावात तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल सोडून ठेवत. नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, नवरा वारला, मुलगाही तिकडेच स्थायिक झाला. तो दर वर्षी बोलवायचा आणि या दर वर्षी म्हणायच्या, “तिथे जाऊन बोलू कुणाशी? मला भांडायलासुद्धा मराठीच लागतं.”

अकरा वर्षं त्या सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. दुसऱ्या कुणाला ते लष्कराच्या भाकरी भाजण्याचं काम नकोच होतं. टँकर बोलावणं, लिफ्टवाल्याला झापणं, नोटिसा काढणं, सगळं त्याच करत. गणपतीत माझ्या स्वयंपाकघरात मोदकांना त्यांच्याच हातच्या पाऱ्या असत, आणि त्या त्यांना माझ्यापेक्षा चांगल्या जमतात याचा मला दर वर्षी राग येई.

आमचे चेअरमन वाईट माणूस नाहीत. उत्साही आहेत, आणि तो उत्साह कुठेतरी चिकटवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. जिन्याच्या कोपऱ्यात लोक पान खाऊन थुंकतात म्हणून त्यांनी तिथे देवांच्या फरशा बसवल्या. झाडूवाल्या मावशींनी महिनाभरात निकाल सांगितला, “कोन थांबलाय? आता जरा बाजूला थुकतात. देवाला लागत नाय, एवढाच हाय.” सिस्टर हसून म्हणाल्या, “देवाला वॉचमन केलंत हो चेअरमन.” तेव्हा सगळेच हसले.

मग सोसायटीचं नवं गेट करायचं ठरलं, आणि त्याच्याबरोबर नवा शिक्काही, कारण जुन्याचं रबर झिजून आमचं नाव नुसतं निळ्या डागासारखं उमटायचं. चेअरमननी नमुना काढून आणला. वर ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’, खाली सोसायटीचं नाव. हेच गेटवर, हेच लेटरहेडवर, हेच शिक्क्यावर. मी तो कागद पाहिला आणि ‘अक्षर छान आहे’ म्हटलं. खरंच एवढंच दिसलं मला.

सिस्टर त्या संध्याकाळी चहाला आल्या तेव्हा कप तसाच ठेवून बसल्या. म्हणाल्या, “गेटवर लावा, मी खाली मान घालून जाईन. पण शिक्क्याखाली सही माझी असते, बाई. तो सगळ्यांचा शिक्का. आणि आमच्यात देवाचं नाव असलेला कागद टाकत नाहीत, पुरतात. उद्या पाणी येणार नाही ही नोटीस मी कुठे पुरू?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“हे पास झालं तर मी सेक्रेटरीपद सोडणार. आणि मग इथे राहून तरी काय करू? मुलाला हो म्हणून टाकते.”

मी घाबरले. घाईघाईने म्हटलं, “मग आपण एका बाजूला तुमची सहा कोनांची चांदणी घालू ना!” औषध थुंकून टाकणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मला माझं नकोय वर. कुणाचंच नकोय,” त्या म्हणाल्या.

मग माझ्या अंगात नागरिकशास्त्र संचारलं. सिस्टरना म्हटलं, असं हार मानून जायचं नाही, मतदान घेऊ. घटनेतली सगळी कलमं जणू मीच लिहिली अशा तोऱ्यात मी नियम केले. मतदान गुप्त होईल. कोऱ्या चिठ्ठीवर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायचं. दुसरं एक अक्षर, एक खूण जरी दिसली, तरी चिठ्ठी बाद, म्हणजे कुणाचं मत कुणाला ओळखता येणार नाही. बरोबरी झाली तर जुनंच राहील. चेअरमननी हे सगळं कुरकुर न करता नोटिशीत घातलं. नोटिशीवर सही सिस्टरांची.

दोन आठवडे मी घराघरांत फिरले. “सिस्टरना आम्ही कुठे काय म्हणतोय?” हे वाक्य मी सगळ्यांत जास्त ऐकलं. खरंच कुणी त्यांना काही म्हणत नव्हतं, आणि हेच मला कुणाला समजावता येत नव्हतं. एक जण म्हणाल्या, “बाई, देवाच्या नावाला तोंडाने नाही कसं म्हणायचं? पाप लागेल.” मी म्हटलं, “तोंडाने नाही, चिठ्ठीवर म्हणा.” यावर त्या जरा सैलावल्या.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये झाली. चेअरमननी खिशातून पाचशेची नोट काढून सगळ्यांना दाखवली. “यावर सत्यमेव जयते लिहिलंय. कुठून आलं? उपनिषदातून. सरकारला चालतं, आपल्याला का नाही?” उलव्याला बांधकामाची कंत्राटं घेणारे तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, “मी तर म्हणतो नोटेवर लक्ष्मीच छापा. रुपया तरी वर येईल.” हशा पिकला. मी उठून म्हटलं, “सत्य आस्तिकाला लागतं आणि नास्तिकालाही. देव ज्याचा त्याचा असतो. म्हणून नोटेवर सत्य आहे, देव नाही.” टाळ्या पडल्या. उत्तर परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवणारं होतं. मला स्वतःला ते कितपत पटलं होतं कोण जाणे, पण टाळ्या आवडल्या, हे खरं.

चिठ्ठ्या वाटल्या. आम्ही लिहून, घडी घालून डब्यात टाकल्या. सिस्टर आणि चेअरमन दोघांनी मिळून त्या टेबलावर उघडल्या. बावीस चिठ्ठ्या होत्या. अकरा होय. दहा नाही. शेवटची उघडून चेअरमन थांबले.

“यावर ‘नाही’ लिहिलंय,” ते म्हणाले, “पण वर मध्यभागी ‘श्री’ काढलाय.”

काही जण हसले. मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं.

आमच्या घरात कोऱ्या कागदावर एकदम मजकूर लिहीत नसत. वडील म्हणायचे, आधी वर श्री काढ, मग काय ते लिही. किराण्याची यादी असो, रजेचा अर्ज असो की नवऱ्यासाठी टेबलावर ठेवलेला ‘भाजी फ्रीजमध्ये आहे’ हा निरोप असो, माझा हात आधी तिथे जातो. मला तो जाताना दिसतही नाही. शाळेत रोज फळ्यावर तारखेच्याही आधी मी तो काढायची. धर्मनिरपेक्षतेचा धडासुद्धा एकतीस वर्षं मी त्याच श्रीखाली शिकवला.

सिस्टरांनी चिठ्ठी हातात घेतली. बावीस वर्षं माझ्या याद्या घेऊन त्या बाजारात गेल्या होत्या. त्यांनी वर बघितलं ते थेट माझ्याकडे.

चेअरमन मला म्हणाले, “बाई, नियम तुमचा आहे. अर्थ तर स्पष्ट आहे, नाहीच म्हणायचंय. धरायची की बाद? तुम्ही म्हणाल तसं.”

ते अगदी सरळ मनाने विचारत होते. ‘धरा’ म्हटलं असतं तर अकरा-अकरा झालं असतं आणि जुना शिक्का राहिला असता. पण ‘धरा’ म्हटलं की कुणीतरी विचारणार, का? आणि मग ती चिठ्ठी माझी आहे हे मला सांगावं लागणार. आत्ता टाळ्या घेतलेली, देव ज्याचा त्याचा म्हणणारी बाई, आणि तिच्याच चिठ्ठीच्या माथ्यावर श्री. त्या दोन-चार क्षणांत माझ्या डोक्यात सिस्टर नव्हत्या. माझी होणारी शोभा होती.

“नियम म्हणजे नियम,” मी म्हटलं. “बाद.”

लोकांना वाटलं, बाई तत्त्वाची. एकाने तसं बोलूनही दाखवलं. सिस्टरांनी चिठ्ठी घडी घालून बाकीच्यांत ठेवली, कार्यवृत्तात ठराव मंजूर असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. ती त्यांची शेवटची सही.

मी त्याच दिवशी त्यांच्या दारात गेले. खूप काही सांगायचं ठरवलं होतं, तोंडातून आलं एवढंच की ती माझी होती. त्या म्हणाल्या, “माहीत आहे.” मग मला पाणी दिलं. “हाताची सवय आहे हो, बाई. हाताला काय कळतंय?” पण मी ‘बाद’ म्हटलं ते हाताने नव्हतं. ते पाणी पिऊन मी घरी आले.

त्यांची जागा घ्यायला कुणी पुढे येईना, म्हणून सेक्रेटरी मी झाले. फ्लॅटला गिऱ्हाईक लवकर मिळालं. नव्या विमानतळामुळे इथे आता भिंतीलाही गिऱ्हाईक आहे. विक्रीसाठी सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. नवा शिक्का नुकताच आला होता, आणि त्याचा पहिला कागद तोच ठरला. अक्षरं ठसठशीत उमटली. खाली मी सही केली, की सदर सभासदाच्या जाण्यास सोसायटीची कोणतीही हरकत नाही. मजकूर छापील असतो, तो असाच असतो. सिस्टरांनी पत्र वाचलं, मला “थँक्यू बाई” म्हटलं आणि त्या बॅग भरायला गेल्या.

त्यांना गेल्याला आता दीड वर्ष झालं. दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो. माझं ब्लडप्रेशर विचारतात, तिकडच्या भाज्यांना नावं ठेवतात, गणपतीत पाऱ्या कुणी केल्या ते विचारतात. मी किती वेळा ठरवलं की एकदा म्हणेन, परत या. पण या बिल्डिंगमध्ये परत येण्यासारखं काय आहे, हे मला सांगता येत नाही. त्या रागावून गेल्या असत्या, तर मी जाऊन पाय धरले असते, भांडले असते, समजूत काढली असती. त्या रागावल्याच नाहीत. त्यांना फक्त कळलं, आणि कळलेल्या माणसाला परत कसं बोलवायचं हे मला येत नाही.