मोदकाची परीक्षा

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या डॉक्टर रेखा मुजुमदार एखाद्याला पाण्यात पाहायला लागल्या, की त्या माणसाने गाव बदललेलं बरं, असं मराठी मंडळात म्हणतात. हॉस्पिटलात त्यांनी उभा जन्म लोकांना भूल देण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर कोणाला म्हणून स्वस्थ झोपू दिलं नाही. कोणाच्या पुरणात जायफळ कमी पडलं, कोणी आरतीचं कडवं गाळलं, की रेखाकाकू तिथल्या तिथे, चारचौघांत बोलायच्या. नवरा चारुदत्त हे सगळं मुकाट सोसायचा. तो पुलांचा इंजिनियर, वजन पेलायची त्याला सवय होती.

यंदा मात्र काकूंनी पाण्यात पाहायला घेतला तो अख्खा ख्रिस्ती धर्म. कारण ईशान. एकुलता एक मुलगा, ओहायोत डब्लिनच्या शाळेत मुलांना बँड शिकवतो. ईस्टरला त्याने बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. नवी गाडी घेतल्याचं सांगावं, इतक्या सहज सांगितलं. काकू किंचाळल्या, फोन आपटला, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडल्या. हे रडणं फक्त चारुदत्तला ठाऊक. मुलाने देव सोडला म्हणजे आपल्यालाच सोडलं, असं त्यांच्या मनाने धरलं. त्यांना तो परत हवा होता. बाकी जगाचं काय वाटेल ते होवो.

गावच्या लायब्ररीत दर मंगळवारी पहिल्या तीनशे वर्षांतल्या ख्रिश्चनांवर व्याख्यानं सुरू झाली, तेव्हा शत्रूचं घर आतून बघून यावं म्हणून काकूंनी नाव घातलं. शिकवणाऱ्या हॉल्गेटबाई निवृत्त प्राध्यापिका, काठी टेकत यायच्या. काकू पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसायच्या. सिंहाच्या तोंडी दिलेल्या माणसांसाठी बाकीचे श्रोते हळहळले. काकूंना सिंहांची बाजू पटत होती. मूठभर कोळी, गुलाम आणि विधवा दुसऱ्यांच्या घरात जमतात, सगळ्यांच्या देवांना खोटं ठरवतात, आणि लोकांची पोरं एकेक करून पळवतात! रोमनांनी करायचं तरी काय?

त्यांना एक रोमन सुभेदार फारच आवडला. काळ्या समुद्राकाठच्या त्याच्या मुलखात देवळं ओस पडली होती, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेना. काकूंना मंडळाच्या गणपतीत उरलेले प्रसादाचे डबे आठवले. या सुभेदाराने एक साधी परीक्षा काढली. पकडून आणलेल्या माणसासमोर मूर्ती ठेवायची, चिमूटभर धूप आणि थोडी दारू वाहायला सांगायची आणि ख्रिस्ताला शिवी द्यायला लावायची. केलं, तर खुशाल घरी जा. खरा ख्रिस्ती हे कधीच करणार नाही, असं त्याने ऐकलं होतं.

"हुशार माणूस," काकू घरी येऊन म्हणाल्या.

"कोण?" चारुदत्तने विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं."

पुढच्या मंगळवारी कॉरिंथ या ग्रीक शहरावर व्याख्यान होतं. मंडळाची मीटिंग आली, म्हणून काकूंनी ते बुडवलं. शत्रूवर घाव कुठे घालायचा ते कळलं होतं, आता आणखी काय ऐकायचं?

गणपती घरी तिथीनेच बसला, पण अमेरिकेत आरतीला माणसं शनिवारीच येतात. ईशान येईल की नाही, याची काकूंना धाकधूक होती. तो आला. सहा तास गाडी चालवून आला आणि आल्या आल्या, दर वर्षीप्रमाणे, धूप-कापराने वाजू नये म्हणून धुराच्या अलार्मची बॅटरी काढायला शिडीवर चढला. आरतीला तो मागे हात बांधून उभा राहिला. टाळी वाजवली नाही. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांचा राग नाकावर आला, पण त्या थांबल्या.

आरती झाली. नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या घरात शितालाही कोणी हात लावत नाही, काकू स्वतः चव पाहत नाहीत, मीठ वासावरून ओळखतात. बाप्पापुढचं ताट त्यांनी उचललं, त्यातला मधला मोदक घेतला आणि साऱ्या मंडळींदेखत ईशानसमोर धरला.

"हा बाप्पाचा प्रसाद आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "घेणार आहेस का?"

 मंडळातल्या नीनामावशींनी मान खाली घातली. चारुदत्तने "रेखा" एवढंच म्हटलं.

ईशानने मोदक घेतला. अख्खा खाल्ला.

"सो गुड, आई," तो म्हणाला. "तूप आहे का अजून?"

काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवशी त्यांनी ईशानला चार मोदक वाढले आणि कोणालाही, अगदी कोणालाही, टोचून बोलल्या नाहीत. मंडळींनी तो बाप्पाचा चमत्कार मानला.

मंगळवारी त्या लायब्ररीत गेल्या त्या जिंकून आल्यासारख्या. व्याख्यान संपल्यावर त्यांनी हात वर केला आणि आपली हकीकत सांगितली. तुमच्या रोमनाने पकडलेले काही मेले तरी नमले नाहीत. माझा मुलगा माझ्या घरात नमला, असंही वर ऐकवलं. काही जण हसले. हॉल्गेटबाई हसल्या नाहीत.

"खाताना तो घाबरला होता?" त्यांनी विचारलं. "चलबिचल झाली?"

"मुळीच नाही. वर तूप मागितलं."

बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "कॉरिंथच्या दिवशी तुम्ही नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "तिथे याच गोष्टीवरून भांडण होतं. मूर्तीला दाखवलेलं मांस खावं की नाही. ज्यांच्या मनातून जुने देव पुरते गेले नव्हते, ते बिचकायचे, नको म्हणायचे. जे बिनधास्त खायचे ते म्हणायचे, मूर्तीत आहेच काय? मांस ते मांस."

ईशान बिचकला नव्हता, तो बिनधास्त खाणाऱ्यांतला निघाला होता.  हात दाखवून अवलक्षण केलं होतं काकूंनी. पार्किंगमध्ये गाडीत बसून त्यांनी ईशानला फोन लावला.

"मोदक का खाल्लास तू?"

"व्हॉट? आई, बिकॉज यू मेड इट."

"आणि बाप्पाला दाखवला होता, त्याचं काय?"

"दॅट्स ओके. इट डझंट बॉदर मी." त्याला वाटलं, आई काळजी करते आहे. तो आणखी समजुतीने म्हणाला, "रिअली, आई. काहीच वाटलं नाही मला."

 इतके महिने काकू या मुलावर तुटून पडत होत्या, आणि तो साधा चिडलासुद्धा नव्हता.

"पुढच्या वर्षी खाऊ नकोस," त्या म्हणाल्या.

"का?"

"नाही म्हण. सगळ्यांसमोर नाही म्हण, माझा हात झिडकार, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. मला चालेल. पण असा नुसता गिळू नकोस रे. निदान त्याच्याशी भांड तरी!"

पलीकडे बँडच्या खोलीत कोणीतरी ट्रम्पेट वाजवून बघत होतं. ईशानने दार लावल्याचा आवाज आला.

"कुणाशी, आई?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.