सवलतीचं तिकीट आणि मढचा बर्फ

आमची पोस्ट काश्मीरमध्ये होती. गाडीरस्ता संपला की दिवसभराचा चढ, मग आमचे बंकर. मी तेव्हा नाईक होतो, सेक्शन कमांडर. सेक्शनमध्ये मुंबई उपनगरातले आम्ही तिघे. मी बोरीवलीचा. लान्स नाईक विलास परब मुलुंडचा. शिपाई दत्ताराम गावडे मूळ मालवणकडचा, आईवडील आणि बायको घाटकोपरच्या चाळीत. वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, त्यामुळे घर दत्तारामच्या पगारावर चाले.

हिवाळ्यात सेक्शनमधून एका वेळी एकच माणूस रजेवर जाई. गेलेला परत आला की पुढचा निघणार. बर्फाचे बूट पोस्टवर मोजकेच होते, म्हणून जाणाऱ्याने आपले बूट घासूनपुसून येणाऱ्याच्या हाती द्यायचे, असा आमचा रिवाज. येणारा बूट पायात चढवी आणि म्हणे, "जा आता, घरी सांग मी पाठवलं म्हणून." त्याशिवाय कोणी उतरत नसे.

त्या वर्षी भावाच्या लग्नासाठी विलास आधी गेला. खरं तर नंबर दत्तारामचा होता. त्याला मुलगी झाली होती आणि त्याने तिला पाहिलं नव्हतं. पण लग्नाचा मुहूर्त कुणासाठी थांबत नाही, असं म्हणून त्याने आपला नंबर विलासला दिला. विलासने त्याला मिठी मारली आणि तारखेला हजर होतो म्हणून शब्द दिला.

तारीख आली, विलास आला नाही. खालून रेडिओवर त्याच्या तारेचा मजकूर आला. सवलतीचं तिकीट चालत नाही, उशीर होईल.

सुभेदार साहेब तडकले. "एमसीओ काय झोपलाय का मुंबईत?" एमसीओ म्हणजे मोठ्या स्टेशनांवरचं फौजेचं ऑफिस, जवानांच्या प्रवासाची सोय पाहणारं. मी विलासची बाजू घेतली. म्हणालो, साहेब, मुलुंडचं पोर आहे, मी ओळखतो, खोटं बोलणार नाही.

दत्तारामचं स्वतःचं तिकीटही सवलतीचंच होतं, फॉर्म डीवर, म्हणजे फौजेच्या सवलतीच्या कागदावर, काढलेलं. ते हातात धरून तो माझ्याकडे आला. पायाशी घासलेले बूट.

"उस्ताद, माझा तिकीट फुकट गेला काय?"

मी त्याला समजावलं. या तिकिटावर नाव बदलत नाही. तुझं तिकीट तुझा सख्खा भाऊसुद्धा वापरू शकत नाही. मार्ग बदलत नाही, वरच्या वर्गात बसता येत नाही, ओळखपत्र जवळ लागतं. पण तारीख पुढे ढकलता येते. गाडी सुटायच्या आत खिडकीवर जायचं. खिडकीवाला कुरकुरला तर एमसीओकडे जायचं, तो मिलिटरीच्या डब्यात जागा देतो. फौजीला तिकिटापायी कोणी अडवून ठेवत नाही.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मगे विलासचा कशाक अडला?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. नियम मला तोंडपाठ होते. पण समोर विलास होता, आणि आपल्या माणसाला कोणी नियमावर तपासत नाही. मी म्हणालो, अडलं असेल काहीतरी. दत्तारामने मान हलवली. घरी पत्र टाकलं की विलासचं तिकीट अडलंय, मी मागाहून येतो.

त्या आठवड्यात शेजारच्या पोस्टकडे लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टमधली गस्त, जायची होती. त्यात विलासचं नाव होतं. त्याच्या जागी दत्ताराम गेला, विलाससाठी घासून ठेवलेले तेच बूट घालून. दुपारी आकाश स्वच्छ होतं. आधी आवाज आला, मग समोरचा उतार धुरासारखा पांढरा झाला. मी रेडिओपाशी धावलो.

"टायगर टू, टायगर टू, धिस इज टायगर. रिपोर्ट. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर.

"टायगर, धिस इज टायगर टू. एवलांच. बर्फाचा कडा कोसळला. दोन बाहेर आहेत. एक मिसिंग. ओव्हर."

"कोण मिसिंग? ओव्हर."

"गावडे. ओव्हर."

आम्ही काठ्यांनी बर्फ टोचत शोधलं, फावड्यांनी उपसलं. अंधार पडला तसा सुभेदार साहेबांनी थांबायचा हुकूम दिला. सकाळी पुन्हा लागलो. दत्ताराम सापडला तेव्हा दुसऱ्या दिवसाचा सूर्य डोक्यावर होता.

विलास त्यानंतर आला. माझ्या गळ्यात पडून रडला. उशिरा आल्याबद्दल त्याची साहेबांपुढे पेशी झाली, लान्स नाईकची फीत गेली. त्या शिक्षेचं मला वाईट वाटलं. रेल्वेच्या नियमापायी बिचारा भरडला गेला, असं मी चार लोकांना सांगितलंही.

उन्हाळ्यात मला रजा मिळाली. दत्तारामची ट्रंक घरी पोचवायचं काम मी मागून घेतलं. विलासने आईसाठी अक्रोड दिले होते, म्हणून आधी मुलुंडला गेलो. माऊली भोळी. चहा टाकता टाकता कौतुकाने बोलू लागली.

"तुला विलासने सांगितलं की नाही? सिनेमात काम केलंय त्याने. मढला बंगल्यात शूटिंग होतं. लग्नात त्यांच्यातला एक जण आलेला. त्यांना खरा फौजी पाहिजे होता, बंदूक नीट धरणारा."

मी विचारलं, कधी?

"अरे, त्याच रजेत. शूटिंग लांबलं ना, मग त्याने स्वतःच जाऊन तिकीट रद्द केलं. म्हणाला, अशी संधी परत येत नाही, आई. अंगणभर मीठ नि कापूस टाकून काय झकास बर्फ केला होता म्हणे."

चहा तसाच ठेवून मी उठलो. इतका संताप मला शत्रूचाही कधी आला नव्हता. शत्रूने मला शब्द दिला नव्हता. दत्तारामच्या नंबरावर हा घरी गेला, दत्तारामच्या खर्चाने राहिला, आणि वर माझ्याच खांद्यावर रडला.

घाटकोपरला दत्तारामच्या वडिलांनी ट्रंक उघडली नाही. नुसता हात ठेवून बसले. मग म्हणाले, "त्याच्या पत्रात होतं, विलासचं तिकीट अडलं म्हणून. तो नियम कुठला, तेवढं सांगा. मी रेल्वेच्या साहेबापुढे जाऊन उभा राहतो. दुसऱ्या कुणाचा पोरगा त्यात जायला नको."

म्हातारा कुठल्यातरी साहेबाच्या दारात ताटकळणार, हे मला दिसलं. मी खरं ते सांगितलं. असा नियम नाही, काका. तारीख बदलता येते. विलासने तिकीट स्वतः रद्द केलं. मढला सिनेमात शिपाई व्हायला.

त्यांनी ट्रंक स्वतःकडे ओढून घेतली. दत्तारामची बायको सुनंदा दाराशी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनेच विचारलं.

"तो सिनेमा लागला की मला दाखवाल?"

सिनेमा लागला तेव्हा मी फौज सोडून बोरीवलीला आलो होतो. विलासशी संबंध तोडले होते. सुनंदाला आणि तिच्या सासऱ्यांना घेऊन मी दुपारच्या खेळाला गेलो. विलास पडद्यावर आला, गोळी लागून पांढऱ्या मिठात कोसळला. मागे संगीत वाजलं. पुढच्या रांगेतल्या बाईने डोळे पुसले.

सुनंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "कॅमेरा बंद झाल्यावर हा उठला असेल ना?"

"हो."

"कपडे झटकून चहा प्यायला असेल."

"हो."

सिनेमा अर्धा टाकून आम्ही उठलो. बाहेर ऊन होतं. सासरे पुढे चालत होते, आम्ही मागे. कोपऱ्यावर ती थांबली.

"ह्यांचे पाय कसे होते, तुम्हाला सापडले तेव्हा?"

मी सांगितलं, बूट पायात होते. घट्ट बांधलेले. ते पुढे कुणालाच दिले नाहीत आम्ही.

शिपाई दत्ताराम गावडे, घाटकोपर. रजा मंजूर होती.